पाचही जणांचं एकच मत

६ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र लिहायचं मी इतकं टाळलंय की आता टाळायचीही लाज वाटायला लागली. कागद आणला तर पेन सापडेना. पेन सापडलं तर घरमालकीणबाईंचं मांजर माळ्यावर अडकलं. ते उतरवताना हात बोचकारला, आणि बोचकारलेल्या हाताने कसं लिहायचं, असं म्हणून आणखी एक आठवडा ढकलला. खरं कारण एवढंच, की तुझा पत्ता मला कसा मिळाला म्हणून तू आधी चिडशील, आणि मी कुठून लिहितोय ते कळल्यावर दुप्पट चिडशील. पत्ता आईने दिला, बाबांच्या नकळत. मी कुठे आहे ते खाली सांगतो. आधी दोन घोट पाणी पी.

प्यालास? मी तुझ्या कारखान्यात आहे. त्याच. टाक्या धुवायच्या, तपासायच्या, गॅस भरायचा आणि गाडीत चढवायच्या. ठेकेदाराकडून लागलो, त्यामुळे आडनाव कुणी फारसं विचारलं नाही. विचारलं तेव्हा मला खोकला आला. सगळे मला भिंगरीच म्हणतात, कारण मीच तसं सांगितलं. तुझा भाऊ आहे हे इथे कुणालाही माहीत नाही, असं मला वाटतं.

तू म्हणशील, हा भटक्या कुठल्याही कामावर एक ऋतू टिकत नाही, आता हे काय नवीन खूळ. सांगतो. मी त्या बोटीवरच्या कामावरून परत आलो (तिथला स्वयंपाकी रेडिओशी भांडायचा, ते कधीतरी भेटून सांगेन), तर घरात तुझा फोटो नाही. नुसता नाही असं नाही, फोटोच्या जागी भिंत गोरी दिसतेय. बाबा शिलाई मशीनवर. मी विचारलं, "दादा कुठे आहे?" मशीन थांबलं नाही. आईने मागच्या दारी नेऊन सांगितलं: तू तपासून सोडलेल्या टाकीचा एका खानावळीत भडका उडाला, स्वयंपाकीणबाईंचा हात भाजला. मग कारखान्याने नवी मशीनं आणली, तू सोडलेल्या टाक्यांचे गाडीत चढवताना काढलेले जुने फोटो त्यांना दाखवले, आणि पाचही मशीनांनी सांगितलं की तू एक नाही, कितीतरी वाईट टाक्या चांगल्या म्हणून सोडल्यास. तुला काढलं. तू घरी येऊन एक शब्द बोलला नाहीस आणि दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन गेलास.

जेवताना मी बाबांना म्हटलं, "पण तुम्ही त्याला विचारलंत तरी का?"

बाबा म्हणाले, "एक जण आकसाने बोलेल. दोघं संगनमत करतील. पाच जण वेगवेगळे बसून एकच बोलतात, तेव्हा विचारायचं काय राहतं?"

ते वाक्य माझ्या डोक्यात चपलेतल्या खड्यासारखं बसलं. चालता येतं, पण सारखं टोचतं. म्हणून आलो. ते पाच जण कोण आहेत ते मला बघायचं होतं.

बघितले. इथे त्यांना 'पंच' म्हणतात. तू गेल्यावर टाक्या सरकतात त्या पट्ट्याच्या शेवटी एक कॅमेऱ्यांची कमान बसवली आहे. टाकी तिच्याखालून जाते, फोटो निघतात, आणि आत कॉम्प्युटरमध्ये बसलेले पाच जण आपापलं मत देतात: चांगली की वाईट. पाच म्हणजे पाच वेगळ्या घडणीची डोकी. एक जण फोटोचे बारीक बारीक तुकडे करून बघतो. एक नुसते हो-नाहीचे प्रश्न विचारत सुटतो, त्याला सगळे 'चौकस' म्हणतात. एक 'आठवणवाला', ही टाकी आधीच्या कुठल्या टाकीसारखी दिसते तेवढंच बघतो. एक चांगल्या-वाईटाच्या मधोमध रेघ मारतो. आणि पाचवा 'घाबरट', त्याला जरा काही वेगळं दिसलं की तो ओरडतो. बहुमताने निकाल. चार-एक झाले तरी मशीनच ठरवतं. तीन-दोन झाले तर टाकी बाजूला येते आणि माणूस हातात घेऊन बघतो. तो माणूस सध्या मी. माझ्या टेबलाला 'वादाचं टेबल' म्हणतात. पितळी हातोडी आहे, ठिणगी उडू नये म्हणून पितळी. तुझीच असेल. दांड्याला तुझ्या अंगठ्याचा खळगा पडलाय.

ही मशीनं आणणाऱ्या इंजिनिअर बाई आहेत, माझ्याहून थोड्याच मोठ्या, हेल्मेट कायम वाकडं. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "पाच कशाला? एकच हुशार आणायचा."

"एक हुशार असला तरी कुठेतरी आंधळा असतो," त्या म्हणाल्या. "पाच मध्यम असले तर पाचही जण चुकतात, पण प्रत्येक जण वेगळ्या जागी. एकाची चूक बाकीचे चार जण दाबतात."

"आणि पाचही एकाच जागी चुकले तर?"

"म्हणून तर घडण वेगळी ठेवली, आणि पाच वेगवेगळ्या कामगारांकडून शिकवून घेतलं. अशा मंडळींचे वाद होतातच. वाद झाले तरच मी निश्चिंत असते."

आता ऐक. माझं वादाचं टेबल रिकामं असतं. आठवडा झाला, मी टेबल पुसतो, हातोडी पुसतो, पुन्हा टेबल पुसतो. पंच म्हटले की थोडी तरी कुरबूर हवी. आपल्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये दोन पंच असायचे तरी बॅट फेकाफेकी व्हायची. हे पाच जण कसे इतके गुण्यागोविंदाने नांदतात?

मला यात काहीतरी शिजतंय असं वाटतं. आणि खरं सांगू, कधी कधी तुझाही संशय येतो. निर्दोष माणूस न बोलता जातो का रे?

तुझा
भिंगरी


२३ फेब्रुवारी

दादा,

तुझं पोस्टकार्ड आलं. एवढ्या मोठ्या कार्डावर तीन शब्द! "तिथलं काम सोड." ना तब्येत, ना आशीर्वाद, ना आईची चौकशी. मी कार्ड उजेडात धरून बघितलं, पाठीमागे काही खोडलंयस का म्हणून.

का सोडू? मला इथे काही सापडेल याची तुला भीती वाटते का? की मला काही होईल याची? दोन्हींत फार फरक आहे, आणि तीन शब्दांत तो कळत नाही. त्यामुळे मी सोडलेलं नाही.

उलट एक उद्योग करून बसलोय.

रंगकामावर एक मावशी आहेत. टाकीचा रंग गेला असेल तिथे मारतात. गेल्या मंगळवारी डबा खाताना त्या म्हणाल्या, "तुझ्या आधी इथे एक होता, त्याने माझ्या जिवाला घोर लावला होता. सारखा माझा ब्रश पळवायचा."

मी घास तोंडातच ठेवून विचारलं, "कशाला?"

"अरे, टाकी वाजवून आवाजावरून भेग आहे का ते बघायचा ना. हातोडीने मानेजवळ रंगाचा टवका उडायचा. बाकीचे तसंच सोडतात. हा मात्र तिथे रंगाचं बोट फिरवायचा. म्हणे उघडं लोखंड गंजतं. मी म्हटलं, बाबा, तुझं काम वाजवायचं, रंगवायचं काम माझं. ऐकेल तर शपथ."

मी विचारलं, "मग टाक्या खरंच वाजवायचा?"

मावशींनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "तुला रे काय त्याचं?"

पुन्हा मला खोकला आला. या खोकल्याचं आता काहीतरी करायला हवं.

पण त्या दुपारी मला स्वस्थ बसवेना. तुला माहीत आहे, माझ्या डोक्यात काही आलं की हात आधी पोचतात. एक कोरी करकरीत टाकी घेतली, परवाच आलेल्या गाडीतली. वाजवली. घंटेसारखी वाजली. कमानीखालून सोडली. पाचही म्हणाले, चांगली. बरं. मग तीच टाकी परत आणली, मानेजवळ हातोडी जरा जोरात मारून टवका पाडला, मावशींचा ब्रश (हो, मीही पळवला) घेऊन तिथे रंगाचं एक बोट फिरवलं, फुंकर मारून वाळवलं आणि परत सोडली.

वाईट. पाचही. एकमताने.

त्याच टाकीला, दादा! तुकडेवाला वाईट, चौकस वाईट, आठवणवाला वाईट, रेघवाला वाईट, घाबरट तर काय, सगळ्यांच्या आधी किंचाळला. लाल दिवा, भोंगा, पट्टा थांबला. फोरमनसाहेब केबिनमधून पळत आले.

"कोणी केलं हे? नवी टाकी आहे ही!"

"मी, साहेब. जरा रंग लावला."

"तू रंगारी आहेस का?"

"नाही साहेब."

"मग? पट्टा थांबवायचे पैसे तुझा बाप देणार?"

बाप हा विषय निघाल्यावर मी गप्प बसलो. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ते टाकीच्या मानेवरच्या त्या रंगाकडे बघत होते, आणि ओरडणाऱ्या माणसाचा चेहरा जसा असतो तसा तो नव्हता. घाबरलेला होता. त्यांनी स्वतःच्या रुमालाने तो ओला रंग पुसून टाकला. फोरमन कधी टाकी पुसतो का?

म्हणजे बघ. ज्या टाक्यांना तू काळजीने रंग लावलास त्याच पाचही जणांना वाईट वाटल्या असणार. टाकीत खोट आहे म्हणून नाही, मानेवर ताजा रंग आहे म्हणून. पण असं मला वाटतं. आणि मला काय, बोटीवर असताना कॅप्टनच समुद्री चोर आहे असंही वाटलं होतं. तो फक्त दाढी करत नव्हता.

तू टाक्या वाजवायचास ना? कार्डावर जागा भरपूर असते.

भिंगरी


मार्च, तारीख बघायला कॅलेंडर नाही, ते घरमालकीणबाईंनी खाली नेलंय

दादा,

तुझं उत्तर नाही. नको देऊस. मी लिहितो.

माझा पहिला संशय मॅडमवर होता, सांगून टाकतो. मला वाटलं बाईंनी एकच मशीन बनवलंय आणि पाच नावं देऊन पाचांची किंमत लावली आहे. आपल्याकडे तो सरबतवाला नव्हता का, एकाच पिंपातून पाच चवी काढायचा. मी हे मॅडमना तोंडावर बोललो. सरबतवाल्यासकट.

त्यांचा चेहरा असा लाल झाला की मला वाटलं आता भोंगा वाजेल. पण त्यांनी मला हाताला धरून स्क्रीनसमोर बसवलं आणि पाचही जण उघडून दाखवले. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण एवढं दिसलं की पाचांच्या पाच तऱ्हा आहेत. एकाच पिंपातलं नाही ते.

मग मी माझ्या रंगाच्या बोटाची गोष्ट सांगितली. त्या आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"पाच वेगळी डोकी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि पाचही एकाच गोष्टीला घाबरतात. आपण होऊन घाबरणार नाहीत. यांना तसं शिकवलंय कुणीतरी."

हे शिकवणं म्हणजे काय ते त्यांनीच मला समजावलं. मशीनला पहिल्यांदा काहीच कळत नसतं. आधी माणसाने बसून फोटो बघायचे आणि प्रत्येकाला सांगायचं, ही चांगली, ही वाईट. हजारो फोटो. मग मशीन त्या माणसाच्या नजरेसारखं बघायला शिकतं. म्हणून त्यांनी फोरमनना सांगितलं होतं, पाच जुने कामगार द्या, प्रत्येकाने एकेकाला शिकवायचं. त्या स्वतः तेव्हा मुख्य ऑफिसात होत्या. उत्तरं त्यांना तिकडे मिळाली.

"चौकसला कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"तुमच्या लंबूने."

लंबू म्हणजे भरण्याच्या मशीनवरचा तो उंच, जो दारातून जाताना सवयीने वाकतो, आणि दार नसलं तरी वाकतो. तो तुझ्या वेळीही असेल. मी चहाच्या वेळी गाठला. "लंबूशेठ, चौकस तुमचा चेला म्हणे!"

"चौकस? माझा कसा?"

"तुम्ही शिकवला ना फोटो बघून."

"मी? मला कुणी बोलावलंच नाही. तेव्हा मी रजेवर होतो, सासऱ्यांच्या घराला प्लास्टर करत होतो. बायकोला विचार, एक भिंत वाकडी आली म्हणून अजून ऐकवते."

मग मावशींना विचारलं, कारण आठवणवाला त्यांच्या नावावर आहे. "गेले होते की," त्या म्हणाल्या. "हात धुऊन, चष्मा घेऊन गेले. फोरमनसाहेब म्हणाले, तुमचं झालंय, जा कामाला. मी म्हटलं, बसलेच नाही तर झालं कसं? तर म्हणाले, मावशी, पट्टा चालू आहे."

कळलं का तुला? की मी एकटाच वेडा झालोय?

मी तिसऱ्याला विचारायला निघालो तेवढ्यात केबिनमधून हाक आली. फोरमनसाहेबांनी दार लावून घेतलं. मी मनातल्या मनात आईची क्षमा मागितली.

"बस," ते म्हणाले. "तू त्याचा भाऊ."

मी खोकायला लागलो.

"पुरे ते. पहिल्या दिवशीच ओळखलं. चालतोस तसाच, डावा खांदा पुढे टाकून."

"मग मला ठेवलंत कशाला?"

त्यांनी माझ्यावरची नजर काढली. टेबलावरचा पेपरवेट या बाजूचा त्या बाजूला ठेवला. म्हणाले, "लोकांना काय विचारत फिरतोस?"

"पाचही पंचांना तुम्हीच शिकवलंत का, एवढंच."

वाटलं होतं आता कानाखाली बसेल. पण माणूस एकदम खाली बसला, हवा गेल्यासारखा. "वरून हुकूम होता, पट्टा थांबवायचा नाही. पाच जुनी माणसं फोटो बघायला बसवली असती तर टाक्या कोणी भरल्या असत्या? सगळ्यांना काम मीच शिकवलंय. मी जे सांगितलं तेच ते सांगणार होते. नावं त्यांची घातली, उत्तरं मी दिली. त्यात काय बिघडलं?"

"मग पाच जणांना विचारलं कशाला, साहेब? तुम्हालाच पाचदा विचारायचं होतं."

त्यांनी टेबलावरची जागा हाताने मोकळी केली. मग म्हणाले, "ती फुटलेली टाकी आणून माझ्यासमोर ठेवली होती. इथे. मानेवर काजळी, आणि काजळीखाली ताज्या रंगाचा पट्टा. मला वाटलं भेग झाकायला रंग लावलाय. त्यानंतर कुठल्याही फोटोत मानेवर ताजा रंग दिसला की तीच टाकी आठवायची. वाईट, वाईट, वाईट असं दाबत गेलो." मग आवाज चढवून म्हणाले, "आणि तू इथून बाहेर जाऊन काही बरळलास तर ठेकेदाराला सांगून उद्याच्या उद्या घरी पाठवीन."

उद्या झाला. परवा झाला. त्यांनी कुणालाही काही सांगितलेलं नाही. हेच मला सगळ्यात जास्त संशयास्पद वाटतं. धमकी पाळणारा माणूस परवडतो. न पाळणाऱ्याच्या मनात काय आहे ते कळत नाही.

मी मॅडमना सगळं सांगितलं. आता जे व्हायचं ते होवो. बाबांच्या पाच साक्षीदारांपैकी चार जण कोर्टात आलेच नव्हते, दादा. एकच माणूस पाच टोप्या घालून पाचदा येऊन गेला.

भिंगरी


२९ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. खरं पत्र, दोन्ही बाजू भरलेल्या. मी ते जिन्यातच बसून वाचलं, घरमालकीणबाईंनी दोनदा विचारलं कोण गेलं म्हणून.

तू लिहिलंस, "पाच मशीनं म्हणतायत म्हटल्यावर मलाच वाटायला लागलं की मी चुकलो असेन. पहिले काही दिवस मी कारखान्यात भांडलो. मग रात्रंदिवस तेच डोक्यात. आता मला खरंच आठवत नाही मी ती टाकी वाजवली होती की नाही. बाबांना काय सांगणार?"

मला तुझा एवढा राग कधी आला नव्हता. घर सोडलंस त्याचाही नाही. सोफा, भिंती, कलिंगडं, माझं डोकं, काहीही दिसलं की टकटक वाजवून बघणारा माणूस तू! आपल्या दारावरची बेल तू कधी दाबली नाहीस, दार वाजवून आत लाकूड कुठे पोकळ झालंय ते सांगायचास. आणि आता तुला तुझ्याच हाताचं आठवत नाही, कारण पाच जणांचं एकमत झालं? असो. मी चिडतो तेव्हा अक्षर बिघडतं, मग तू म्हणशील वाचता आलं नाही.

आता नीट ऐक, क्रमाने सांगतो, मध्ये कुठेही भरकटणार नाही.

मॅडमनी वर सगळं कळवलं. स्वतःची चूकही कळवली, की उत्तरं कोण देतंय ते बघायला त्या इथे आल्या नाहीत. मला वाटलं होतं प्रकरण दाबतील. त्यांच्या टेबलावर एकदा खाकी पाकीट दिसलं तेव्हा माझी खात्रीच झाली होती. पाकिटात त्यांच्या आईने पाठवलेले लोकरीचे मोजे होते.

मग पुन्हा शिकवणं झालं. या वेळी पट्टा थांबवला. पाच माणसं, पाच खोल्या, एकमेकांशी बोलायचं नाही. लंबू, मावशी, गाडीवरचा चालक, धुलाईवाला. मी म्हटलं, पाचवा मी बसतो. मॅडम म्हणाल्या, "तू भाऊ आहेस." माझा चेहरा पडला असणार, कारण त्या पुढे म्हणाल्या, "तुझ्यावर संशय आहे म्हणून नाही. तुला काय हवंय ते तुझ्या डोळ्यांना माहीत आहे, म्हणून."

आणि पाचवा कोणाला घेतलं माहीत आहे? फोरमनसाहेबांना. ते स्वतःच म्हणाले, मला नको. मॅडम म्हणाल्या, "तुमचाही डोळा हवा आहे. पण एकच."

आता पंच भांडतात. काय सांगू तुला! माझं वादाचं टेबल भरलेलं असतं, मला चहाला उठता येत नाही. लंबूचा चौकस टाकीच्या बुडाच्या कडीवर अडून बसतो, मावशींचा आठवणवाला रंग बघून मुळीच घाबरत नाही, आणि फोरमनसाहेबांचा घाबरट घाबरटच राहिलाय. पण आता तो एकटा किंचाळतो, बाकीचे चार त्याला गप्प करतात. मॅडम वाद मोजतात आणि खूश होतात. वाद बघून खूश होणारी बाई मी पहिल्यांदा बघितली.

काल त्यांनी तुझ्या जुन्या टाक्यांचे फोटो या नव्या पाचांना दाखवले. मला खोलीत येऊ दिलं नाही. मी बाहेर भिंतीला कान लावून उभा होतो, आणि भिंतीला कान लावून आकडे ऐकू येत नाहीत हे मला तिथे कळलं. मॅडम बाहेर आल्या. तुझ्या टाक्यांतल्या जवळजवळ सगळ्या चांगल्या. ज्या थोड्या वाईट निघाल्या तेवढ्या इतर कुणाच्याही पाळीत निघतात.

"आणि ती एक?" मी विचारलं. भडक्याची.

"तीन-दोन," त्या म्हणाल्या. "तीन वाईट, दोन चांगली."

 मला पाच-शून्य हवं होतं, तुझ्या बाजूने. मी तसं म्हटलंही.

"पाच-शून्याला आता तूही घाबरायला हवंस," त्या म्हणाल्या. "तीन-दोन म्हणजे या फोटोवरून सांगता येत नाही, एवढंच. अशी टाकी माणसाने हातात घेऊन बघायची असते. तेव्हा ती तुझ्या भावाच्या हातात होती. त्याने काय ऐकलं ते त्यालाच माहीत. आणि इथून गेल्यावर ती किती वेळा आपटली, हे कुणालाच माहीत नाही."

तर गोष्ट अशी आहे. तुझ्यावरचा निकाल वरच्यांनी तात्पुरता थांबवलाय, रद्द केलेला नाही. गुरुवारी पुन्हा सुनावणी आहे. फोरमनसाहेब येऊन स्वतः सांगणार आहेत, मला ते जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "त्याला ये म्हणावं. मी बोलेन ते खरं बोलेन." माझा अजून अर्धाच विश्वास आहे. पण अर्धा आहे.

तू आला नाहीस तर ते पुन्हा पाचांचीच मतं वाचतील, जुनी आणि नवी, आणि तुझी खुर्ची रिकामी असेल. तुला आठवत नसेल तर आठवत नाही असं सांग. पण ते तुझ्या तोंडाने सांग. तुझ्या हातोडीचं मत मशीनला विचारून कळणार नाही. ये, एवढंच म्हणतोय. नोटीस घरच्या पत्त्यावर गेली आहे, कारण कारखान्याकडे तुझा तोच पत्ता आहे, आणि ती बाबांच्या हाती पडली तर बाबा ती शिलाई मशीनच्या खणात टाकतील आणि विषय संपेल, म्हणून मी हे

थांब, खाली कुणीतरी आलंय. घरमालकीणबाई हाक मारतायत.

दादा, बाबा आलेत.

दुकान बंद करून. आईकडून माझा पत्ता घेऊन, दोन बस बदलून. दिवाळखोरी आली तरी हा माणूस दुकानाच्या पायरीखाली उतरणार नाही असं मी पैजेवर सांगितलं असतं. हातात तुझी नोटीस आहे, फोडलेली, आणि बॅगेत नवा पांढरा शर्ट आहे, तुझ्या मापाचा. माप कधी घेतलं विचारलं तर म्हणाले, "शिंप्याला पोराचं माप घ्यावं लागत नाही."

पाणी दिलं तर आधी विचारलं, "सुनावणीला बाहेरच्या माणसाला बसू देतात का?" मी म्हटलं, बाबा, ते पाच जण पाच नव्हते. म्हणाले, "वाचलंय त्यात. चष्मा आहे मला." मग शर्टाची घडी पुन्हा नीट केली.

आत्ता माझ्या खांद्यावरून बघतायत. कुणाला लिहितोस विचारलं. मी सांगितलं. मला वाटलं आता कागद ओढून घेतील.

म्हणाले, "लिही त्याला, दाढी करून ये म्हणावं."